आईने सोडलेली पिले आणि आपली मोजणी

परसातील कोंबड्यांची जी नोंद गावोगाव ठेवली जाते, तीत दोन आकडे हटकून आढळतात: कोंबडीखाली अंडी किती ठेवली, आणि पिले किती निघाली. पिले निघाली की सर्वांना समाधान वाटते. त्यानंतर वहीत जो पुढचा आकडा येतो, तो एकदम तलंगांच्या अंड्यांचा. मधल्या चार-पाच महिन्यांत त्या पिलांचे काय झाले, त्यांना आईने केव्हा सोडले, त्यांतील किती कळपात रुळली आणि किती नाहीशी झाली, याविषयी वही मुकी असते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, परसातील कोंबडीपालनाचा मोठा तोटा या मुक्या पानात दडलेला आहे. तो थांबवावयाचा तर फार खर्च लागत नाही. पण कोंबडी आपल्या पिलांना कशी सोडते, हे मात्र नीट पाहावे लागते.

टोचणारी कोंबडी बिघडलेली नसते

काही वर्षांपूर्वी एका गावी दौऱ्यावर असताना एक आजी भेटल्या. त्यांनी डालग्यात एक कोंबडी झाकून ठेवली होती व ती दुसऱ्या दिवशीच्या बाजारात विकावयाची ठरली होती. कारण विचारता त्या म्हणाल्या, "साहेब, कोंबडी बिघडली बघा. काल-परवापर्यंत पंखाखाली घेत होती, आता पोटच्या पिलांना टोचतीया." कोंबडीचा तुरा लालबुंद झाला होता. पिले दोन महिन्यांची होती. अकरांपैकी नऊ पिले वाढवून दिलेली ती उत्तम आई, केवळ आपले काम पुरे झाले म्हणून बाजारात चालली होती. आजींना समजावून सांगितल्यावर त्यांनी कोंबडी ठेवून घेतली, आणि दहा-बारा दिवसांत ती पुन्हा अंड्यावर आली.

हा गैरसमज अनेक घरी आहे. म्हणून कोंबडीच्या वागण्याचा क्रम प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. अंडी २१ दिवस उबवली जातात. त्या काळात कोंबडीच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढलेले असते, व तिच्या अंडाशयाचे काम थांबलेले असते. पिले निघाल्यावर या संप्रेरकाचे प्रमाण उतरते. तरी पिलांचा सहवास अंडाशयास लगेच जागे होऊ देत नाही. पहिल्या आठवड्यात पिलांच्या अंगावर केवळ लव असते. स्वतःची ऊब त्यांना राखता येत नाही. म्हणून कोंबडी दिवसातून वारंवार खाली बसून त्यांना पंखांत घेते. पुढे पिसे फुटू लागतात तसे हे बसणे कमी होते व रात्रीपुरते, किंवा पावसाच्या सरीपुरते उरते. पाच ते सहा आठवड्यांत पिलांची पिसे बहुतेक पुरी होतात.

मग आईचे मन पालटू लागते. पूर्वी दाणा सापडला की ती 'कुट् कुट्' असा आवाज करून तो पिलांपुढे टाकीत असे. आता तो स्वतः खाते. पिलू जवळ आले तर चोचीने बाजूला सारते. तुरा पुन्हा लाल होतो, कोंबडा तिच्याभोवती फिरू लागतो, आणि एके दिवशी संध्याकाळी ती पिलांजवळ न बसता दांडीवर चढते. गावठी कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो रात्री झाडावर बसतो. त्याचा हा वारसा आहे. गावठी कोंबडी साधारणतः सहा ते दहा आठवड्यांत पिले सोडते. काही त्याहूनही अधिक काळ सांभाळतात. सोडण्याचे टोचणे हे हलके व क्षणाचे असते. पिलू दूर झाले की ती पाठलाग करीत नाही. यात क्रौर्य नाही. पिलांना आपल्या पायावर उभे करण्याची ती रीत आहे.

घाई कोणाला परवडते?

आता मतभेदाच्या मुद्द्याकडे वळू. काही जण म्हणतात की, आईने सोडेपर्यंत थांबू नये. पिले लवकर काढून घ्यावी, म्हणजे कोंबडी लवकर अंड्यावर येते. हे म्हणणे खोटे नाही. हिशेब करून पाहावा. अंडी घालण्याचे १८ दिवस, उबवणीचे २१, पिले सांभाळण्याचे ५६, व पुन्हा अंड्यावर येण्याचे सुमारे १२ दिवस धरले, तर एक फेरा १०७ दिवसांचा होतो. म्हणजे वर्षात तीन फेरे व थोडे अधिक. पिले चार आठवड्यांनी काढली तर फेरा ७९ दिवसांवर येतो व वर्षात चार फेरे सहज पुरे होतात. नफा एका फेऱ्याचा, म्हणजे गावठी कोंबडीच्या बाबतीत १२ ते १५ अंड्यांचा.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू कोण मांडणार? घाईने काढलेल्या पिलांपैकी दोन-तीन जरी अधिक दगावली, तरी नफ्याचे काय उरते, ते प्रत्येकाने आपल्या बाजाराचा भाव घालून पाहावे. १५ अंड्यांची किंमत एका बाजूस ठेवावी, आणि दोन तयार गावठी कोंबड्यांची दुसऱ्या बाजूस. पारडे कोठे झुकते हे सांगण्यास तज्ज्ञ नको.

याविषयी लेखकास स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या आरंभी एका कुटुंबास मी सल्ला दिला की, पिले तीन आठवड्यांची झाली आहेत, ती वेगळी करा. दिवस श्रावणाचे होते. पिलांसाठी खोक्यात दिवा लावून दिला. तिसऱ्या रात्री वादळी पावसात वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाही. गारठलेली पिले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली, आणि खालची गुदमरली. १३ पैकी ४ उरली. घरच्या बाईंनी त्या पिलांवर दिवाळीचा खर्च धरला होता. त्या मला काहीही बोलल्या नाहीत; पण पुढे त्यांनी माझा कोणताच सल्ला विचारला नाही. सल्ला पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. आईची जागा घेणारे त्या घरात दुसरे काय आहे, हे मात्र मी पाहिले नव्हते.

तेव्हापासून माझे मत असे बनले आहे की, पिले लवकर काढण्याचा सल्ला सर्वांना सरसकट देऊ नये. ज्या घरी पुढील तीन गोष्टींची खात्री आहे, तेथेच चार आठवड्यांनंतर पिले वेगळी करावी. एक, रात्रीची ऊब. दुसरी, पिलांचे स्वतंत्र खाद्य. तिसरी, मांजर, मुंगूस, घूस व कुत्रे यांपासून राखणारे पक्के खुराडे. यांपैकी एकही उणी असेल, तर कोंबडीइतकी स्वस्त व भरवशाची दाई दुसरी नाही. उन्हाळ्यात ही घाई एखादे वेळी परवडेल. पावसाळ्यात व थंडीत ती बहुधा अंगलट येते.

उबेविषयी एक सावधगिरीची सूचना. पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते व पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी उतरवीत न्यावी. पूर्वी २०-२५ पिलांवर ६० वॉटचा साधा तारेचा दिवा टांगला की भागत असे. आता बहुतेक घरी एलईडी दिवे आले आहेत. तो दिवा उजेड देतो, पण ऊब जवळजवळ देत नाही. दिवा लावला म्हणून निश्चिंत राहू नये, पिलांकडे पाहावे. ती दिव्याखाली दाटीने गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे. दूर जाऊन चोच उघडी टाकून धापत असतील तर उष्णता अधिक झाली आहे. सर्वत्र सारखी पसरली असतील तर ठीक चालले आहे. वीज जाण्याचे भय असेल तेथे गरम पाण्याच्या बाटल्या पोत्यात गुंडाळून ठेवण्याची तयारी असावी.

पोरकेपणाचे पंधरा दिवस

आईने आपणहून पिले सोडली, तरी काळजी संपत नाही. उलट सोडल्यापासूनचे पंधरा दिवस सर्वांत नाजूक असतात. दिवसा पिले एकमेकांच्या सोबतीने चरतात, म्हणून घरच्यांस काही जाणवत नाही. खरा प्रश्न तिन्हीसांजेस उभा राहतो. आई दांडीवर चढते. पिले मात्र जेथे ती त्यांना घेऊन बसत असे त्याच जागी गोळा होतात, काही वेळ ओरडतात, आणि तेथेच उघड्यावर जमिनीवर झोपतात. मांजराला व मुंगसाला याहून सोयीचे काय असेल? सकाळी दोन पिले कमी भरतात व घरची मंडळी घारीला दोष देतात. घार दिवसा नेते; रात्रीची चोरी दुसऱ्याची असते.

यावरील उपाय अगदी सोपा आहे. कोंबडीच्या दांडीच्या बाजूस, जमिनीपासून फूट-दीड फुटावर पिलांसाठी एक ठेंगणी दांडी बांधावी. शक्य तर ती पिले तीन आठवड्यांची असतानाच बांधावी, म्हणजे आई सोबत असतानाच त्यांना चढण्याची सवय होते. आईने सोडल्यावर पहिले पाच-सात दिवस अंधार पडण्यापूर्वी मूठभर कणी टाकून व नेहमीची हाक देऊन पिलांना खुराड्यात घ्यावे. जी बाहेर राहतील त्यांना हाताने उचलून आत ठेवावे. आठवड्यात ती आपली आपण येऊ लागतात. घरातील शाळकरी मूलही हे काम आनंदाने करील.

दुसरा प्रश्न खाद्याचा. आई असताना दाणा तिच्या धाकाने पिलांना मिळत असे. आता मोठ्या कोंबड्या त्यांना भांड्याजवळ येऊ देत नाहीत, व पिले नेमकी वाढीच्या काळात उपाशी राहतात. यासाठी एक डालगे किंवा जुने खोके चार दगडांवर असे पालथे ठेवावे की, खालून पिलू जाईल, पण मोठी कोंबडी जाणार नाही. त्याखाली मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, तांदळाची कणी व थोडी शेंगदाण्याची पेंड, आणि एका पसरट भांड्यात पाणी ठेवावे. हा आडसर पिले लहान असतानाच सुरू करावा. तो खाद्याची जागा आहे, तसाच पळून लपण्याचाही आसरा आहे.

ज्या घरी अंड्यावरील कोंबड्यांचे तयार खाद्य विकत आणले जाते, त्यांनी लक्षात ठेवावे की, त्यात कवचासाठी चुन्याचा अंश पुष्कळ असतो. वाढत्या पिलांच्या मूत्रपिंडांस तो बाधतो. लहानमोठी एकत्र चरत असतील तर सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे, व शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीस गरज असेल ती तो आपणहून खाते.

तिसरी गोष्ट रोगांची. ओल्या, घाणेरड्या जमिनीवर वाढणाऱ्या तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांना रक्ती हगवण होते. खुराड्यातील तूस किंवा भुसा कोरडा ठेवणे हा तिचा पहिला प्रतिबंध आहे. मानमोडी अर्थात राणीखेत रोगाची पहिली लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. पुढे चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, व आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचून देतात. देवीची लसही याच वयात येते. नेमके वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे. मात्र पिले आईपासून तोडणे, जागा बदलणे, लस टोचणे व जंताचे औषध देणे या सर्व गोष्टी एकाच दिवशी उरकू नयेत. प्रत्येक गोष्टीचा पिलावर ताण पडतो, व चार ताण एकदम सोसण्याचे त्याचे वय नसते.

कळपातील पायरी

नॉर्वेतील थोरलीफ श्येल्डरुप-एब्बे या अभ्यासकाने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले, आणि १९२१-२२ च्या सुमारास असे दाखवून दिले की, प्रत्येक कळपात कोणी कोणास टोचावे याचा क्रम ठरलेला असतो. वरची कोंबडी खालचीस टोचते; खालची उलट टोचत नाही. हा क्रम एकदा बसला की भांडणे कमी होतात, कारण प्रत्येकीस आपली पायरी ठाऊक असते. नवे पाखरू आले की क्रम ढळतो, आणि पुन्हा बसेपर्यंत टोचाटोची चालते. पिले आपसांतही असा क्रम साधारणतः सहा ते दहा आठवड्यांच्या वयात ठरवू लागतात.

यातून दोन धडे निघतात. पहिला असा की, आईबरोबर कळपातच वाढलेले पिलू सर्वांत सुखाने कळपात मिसळते. ते लहानपणापासून मोठ्यांना ओळखते, वाट सोडावयास शिकलेले असते, आणि आईच्या धाकामुळे प्रारंभीच्या दिवसांत वाचलेले असते. म्हणून आई व पिले यांना घरामागे फार दिवस अगदी एकीकडे कोंडून ठेवणे हिताचे नाही. पहिला आठवडा-दोन आठवडे जपावे. पुढे जाळीआडून का होईना, कळप त्यांना दिसू द्यावा.

दुसरा धडा वेगळी वाढवलेली किंवा विकत आणलेली पाखरे मिसळण्याविषयी आहे. बाजारातून आणलेले पाखरू त्याच दिवशी कळपात सोडणे म्हणजे रोगाला घरात बोलावणे होय. किमान तीन आठवडे ते दूर, वेगळ्या भांड्यांत दाणापाणी देऊन ठेवावे. निरोगी ठरल्यावर आठवडाभर जाळीच्या आड, पण कळपाच्या नजरेसमोर ठेवावे. मग रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवावे आणि सकाळी सर्वांना एकदम मोकळ्या जागेत सोडावे. एकटे पाखरू कधी मिसळू नये; तीन-चार बरोबरीची मिसळावी, म्हणजे टोचण्याचा सारा मारा एकीवर येत नाही. दाण्याची व पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावी. पुष्कळशी भांडणे केवळ एकाच भांड्यापायी होतात.

प्रत्येक टोचणीस धावून जाऊ नये. टोचले व सोडले, तर ती पायरीची ताकीद होय. परंतु एखाद्या पाखराला कोपऱ्यात कोंडून सतत टोचत असतील, किंवा डोक्यावर वा गुदद्वाराशी रक्त दिसले, तर विलंब न लावता त्यास बाजूस काढावे. रक्ताचा रंग पाहून इतरही टोचू लागतात. एखादीच कोंबडी फार मारकुटी असेल, तर मार खाणारीला हलवण्याऐवजी मारणारीला चार-पाच दिवस वेगळे कोंडावे. परत येते तेव्हा तीच नवखी ठरते आणि तिचा तोरा उतरतो. नर तीन-चार महिन्यांचे होताच झुंजू लागतात व तलंगांना त्रास देतात. आठ-दहा कोंबड्यांस एक चांगला नर ठेवून उरलेल्यांची विल्हेवाट वेळीच लावावी. ठेवलेला नर दुसऱ्या घराशी अदलाबदल करून घ्यावा, म्हणजे एकाच रक्तात वीण होत नाही.

ज्यांना आईच नाही

आता अनेक गावी गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची पिले दिली जातात. ही पाखरे वाढीस व अंड्यांस चांगली, परंतु त्यांच्या माद्या सहसा खुडूक बसत नाहीत, आणि पिले यंत्रातून निघालेली असतात. घार दिसताच लपावयाचे, दाणा कोणता व खडा कोणता, अंधार पडता कोठे जावयाचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. गावठी कोंबडी घारीसाठी एक इशारा देते व जमिनीवरील शत्रूसाठी दुसरा. यंत्राजवळ असा आवाज नाही. अशी पिले खोक्यातून काढून एकदम परसात सोडणे म्हणजे आईने सोडण्याचे पंधरा दिवस एका सकाळीत उरकणे होय.

येथे माझी शिफारस अशी. पिले एक-दोन दिवसांचीच असतील, आणि घरी अंड्यांवर दोन-तीन आठवडे बसलेली गावठी कोंबडी असेल, तर रात्री अंधारात ती तिच्या पंखाखाली सरकवावी. बहुधा ती स्वीकारते. तरी सकाळी लवकर उठून टोचत नाही ना, हे पाहावे. १०-१२ पिलांहून अधिक एकीखाली देऊ नयेत. अशी कोंबडी नसेल, तर पिसे पुरी होईपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, पिले उबेत व बंदिस्त जागेत वाढवावी. मग पहिल्या दिवशी संध्याकाळपूर्वीचा एकच तास बाहेर सोडावी, आणि रोज थोडा वेळ वाढवीत जावे. भुकेच्या वेळी बाहेर पडलेली पिले दाण्याच्या हाकेने परत येतात, व घर ओळखू लागतात.

मोजणी कोठे करावी?

शेवटी पुन्हा वहीकडे येतो. पिले वाटली किती, यावर काम मोजले, तर कार्यकर्त्याची दृष्टी पिले पोहोचवण्यापुरतीच राहणार. ती उरली किती, यावर मोजले, तर तो तिन्हीसांजेस खुराड्यात डोकावील. म्हणून माझी सूचना अशी की, ग्रामसेवक, पशुसखी व सर्व ग्रामकार्यकर्त्यांनी आपल्या वहीत आणखी दोन रकाने आखावे: आईने पिले सोडली ती तारीख, आणि त्यानंतर एका महिन्याने दांडीवर बसलेली पिले. पिले यंत्रातील असतील, तर उबेतून बाहेर काढल्याची तारीख लिहावी. जी कमी झाली ती कशाने गेली, एवढे एका शब्दात नोंदवावे: थंडी, रोग, मांजर, घार. एका वर्षाच्या अशा नोंदीवरून त्या गावास दिवा हवा, लस हवी की खुराड्याचे दार हवे, हे आपोआप कळेल.

परसातील कोंबड्या बहुतेक घरी बायकांच्या हातात असतात, आणि त्यांचा पैसा मीठमिरचीला, वह्यापुस्तकांना व आजारपणाला उपयोगी पडतो. कोंबडी आपले काम चोख करते: उबवते, शिकवते आणि वेळ झाली की सोडते. तिने सोडल्यानंतरचा महिनाभर आपला आहे. तो आपण सांभाळला, तर वहीतील मुके पान बोलू लागेल आणि दिवाळीचा धरलेला खर्च कोणास सोडून द्यावा लागणार नाही.